मुलीला नर्सिंगला घालण्यापूर्वी

बारावीचा निकाल लागला की रेल्वे कॉलनीत आणि पोस्टाच्या क्वार्टर्समध्ये दर वर्षी एकच चौकशी सुरू होते. मुलीला नर्सिंगला घालावी का? नोकरी लगेच लागते म्हणतात, परदेशी जाता येते म्हणतात, खरे काय? मी एकतीस वर्षे परिचारिका म्हणून काम करून निवृत्त झाले. पहिली काही वर्षे खाजगी रुग्णालयात, बाकीची रेल्वेच्या रुग्णालयात. हा प्रश्न मला युनियनच्या सभेत, लग्नाच्या मांडवात आणि लोकलच्या डब्यातही विचारला गेला आहे. म्हणून एकदाच सविस्तर उत्तर देते. ते गोड नाही.

घालावी, जरूर घालावी. पण डोळे उघडे ठेवून. नर्सिंग ही सेवा आहे, पुण्यकर्म आहे, असे सांगणारे पुष्कळ भेटतील. सेवा ती आहेच. पण गाडी सुखरूप पोचविणे आणि भर पावसात टपाल दारोदार नेणे हीसुद्धा सेवाच आहे. म्हणून आपण पगार, पाळी आणि रजा यांवरचा हक्क सोडला काय? १९६० आणि १९६८ साली केंद्रीय कर्मचारी संपावर गेले, मे १९७४ मध्ये रेल्वे थांबली, तेव्हा आपल्यालाही हाच सेवेचा उपदेश ऐकविला गेला होता. परिचारिका ही कामगार आहे. एवढी एक गोष्ट मुलीला प्रवेश घेण्याआधी नीट समजली, तर पुढचे निम्मे हाल वाचतील.

पैसे भरण्यापूर्वी

तीन रस्ते आहेत. ए.एन.एम. दोन वर्षांचा, जी.एन.एम. तीन वर्षांचा आणि बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचा. जी.एन.एम.ला बारावीची कोणतीही शाखा चालते, इंग्रजी मात्र हवे. बी.एस्सी.ला भौतिक, रसायन व जीवशास्त्र लागते आणि महाराष्ट्रात सामाईक प्रवेश परीक्षा द्यावी लागते. जी.एन.एम. झालेल्यांना पुढे दोन वर्षांत पोस्ट बेसिक बी.एस्सी. करता येते. त्यामुळे घरची स्थिती बेताची असेल तर जी.एन.एम.ने सुरुवात करण्यात कमीपणा काहीच नाही. मुलगेही या क्षेत्रात येतात, त्यांनीही यावे.

सरकारी संस्थेत जागा थोड्या, पण फी कमी आणि रुग्ण भरपूर. पहिला प्रयत्न तेथे करा. खाजगी संस्थेत पैसे भरण्याची वेळ आली, तर बापाने एक दिवसाची किरकोळ रजा काढून स्वतः जाऊन यावे आणि चार गोष्टी पाहाव्यात.

पहिली, मान्यता. राज्याच्या नर्सिंग कौन्सिलची मान्यता आहे का, त्याच वर्षासाठी व तेवढ्याच जागांसाठी आहे का, हे कौन्सिलकडून पडताळून घ्या. बी.एस्सी. असेल तर विद्यापीठाची संलग्नताही पाहा. माहितीपत्रकावरच्या रंगीत चित्रांवर जाऊ नका. १९४७ च्या इंडियन नर्सिंग कौन्सिल कायद्याच्या जागी नवा आयोग आणणारा कायदा संसदेने २०२३ साली केला. नियम बदलत आहेत, तेव्हा शेजाऱ्याच्या मुलीच्या वेळी काय होते यावर विसंबू नका.

दुसरी, रुग्णालय. नर्सिंग हे फळ्यावर शिकता येत नाही. एका विद्यार्थ्यामागे तीन रुग्ण हे शिक्षणाचे प्रमाण मानलेले आहे. भर दुपारी वॉर्डात जा आणि भरलेल्या खाटा मोजा. इमारत चकचकीत आणि खाटा रिकाम्या असतील, तर तुमची मुलगी तीन वर्षे पुतळ्याला इंजेक्शन देत बसेल.

तिसरी, एकूण खर्च. फी, वसतिगृह, गणवेश, परीक्षा, पुस्तके, रुग्णालयापर्यंतची बस, सर्व आकडे लेखी मागा. पावती न देता घेतलेला पैसा परत मिळत नाही. दुसऱ्या राज्यातल्या कॉलेजात दलालामार्फत प्रवेश घेण्याआधी दहा वेळा विचार करा. शिष्यवृत्तीचे अर्ज वेळेवर भरा. रेल्वेचा स्टाफ बेनिफिट फंड आणि टपाल खात्याचा वेल्फेअर फंड यांतून मुलांच्या शिक्षणाला काही मदत मिळते का, हे शाखा सचिवाला विचारा. पैसा तेथे असतो, मागणारे नसतात.

चौथी, बाँड आणि मूळ प्रमाणपत्रे. शिक्षण झाल्यावर आमच्याच रुग्णालयात अमुक वर्षे काम करा, नाहीतर लाख रुपये भरा, असा कागद पुढे केला जातो. इंडियन नर्सिंग कौन्सिलने अशा सक्तीच्या बाँडविरुद्ध भूमिका घेतली होती. विद्यार्थ्यांची मूळ प्रमाणपत्रे अडवून ठेवू नयेत, असे विद्यापीठ अनुदान आयोगानेही २०१८ साली बजावले आहे. तरी हा प्रकार थांबलेला नाही. मी ज्या खाजगी रुग्णालयात लागले तेथे आम्हा सर्वांची प्रमाणपत्रे ऑफिसच्या कपाटात कुलूपबंद असत. रेल्वेची नेमणूक आली तेव्हा ती सोडवायला माझ्या वडिलांनी, ते आर.एम.एस.मध्ये सॉर्टर होते, क्रेडिट सोसायटीतून कर्ज काढले. मूळ प्रमाणपत्र दाखवायचे, झेरॉक्स द्यायची, मूळ परत घरी आणायचे. यात भिडेला जागा नाही.

शिकताना

आता हे पान मुलींच्या हाती द्या. पुढचे त्यांच्यासाठी आहे.

मुलींनो, पहिल्या सहा महिन्यांत निम्म्या जणींना परत घरी जावेसे वाटते. वास सहन होत नाही, पाय सुजतात, पुस्तके इंग्रजीत असतात. यात तुमचे काही चुकलेले नसते. हे सर्वांचे होते आणि बहुतेकींचे सरते.

बेडपॅन देणे, अंग पुसणे, चादर बदलणे ही कामे हलकी मानू नका. घरातून आलेला हलक्या-भारी कामाचा हिशेब वॉर्डाच्या दाराबाहेर ठेवा. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलली नाही तर पाठीला जखमा होतात, आणि त्या जखमेची पहिली लाली अंग पुसणारीलाच दिसते, राउंडला आलेल्या डॉक्टरला नव्हे. लघवीचा रंग, श्वासाची घरघर, पायावरची सूज हे सारे याच कामात कळते.

इंग्रजीची भीती सरावाने जाते. रोज वॉर्डातली पाच औषधे वहीत लिहा: नाव, कशासाठी, किती, कोणत्या मार्गाने, कोणता त्रास होऊ शकतो. वर्षभरात मराठी माध्यमाची मुलगी इंग्रजी माध्यमाच्या मुलीच्या बरोबरीला येते, हे मी पाहिले आहे. गणित मात्र पक्के हवे. ५०० मिलिग्रॅमचे औषध ५ मिलिलिटरमध्ये विरघळविले आहे आणि २५० मिलिग्रॅम द्यायचे आहे, तर किती ओढाल? अडीच मिलिलिटर. ५०० मिलिलिटर सलाईन ८ तासांत द्यायचे आहे, सेट मिलिलिटरला २० थेंबांचा आहे, तर मिनिटाला किती थेंब? साधारण २१. असली उत्तरे रात्री तीन वाजताही अडखळता कामा नयेत. येथे दशांशचिन्ह सरकले तर माणूस जातो.

ओरडा खावा लागेल. पण ओरडण्याचे दोन प्रकार असतात, ते ओळखायला शिका. निर्जंतुक ट्रेला हात लागला म्हणून सिस्टर ओरडली, तर ती रुग्णाला आणि तुम्हाला वाचवीत आहे. निमूट ऐका आणि पुन्हा करा. पण जी तुम्हाला स्वतःचा डबा धुवायला लावते, जातीवरून, गावाकडच्या बोलीवरून, रंगावरून टोमणे मारते, ती काही शिकवीत नाही. ते सहन करायचे नसते. तारीख, वेळ, कोण हजर होते, हे लिहून ठेवा आणि दोघी-तिघी मिळून पाठ्यनिर्देशिकेकडे किंवा प्राचार्यांकडे जा. एकटीने जाऊ नका.

आणखी एक गोष्ट. अपुऱ्या कर्मचाऱ्यांच्या जागी फुकटचे हात म्हणून विद्यार्थिनींना रात्रपाळीत उभे केले जाते. शिकण्यासाठी रात्रपाळी करावीच लागते. पण शिकविणारे कोणी हजर नसताना सबंध वॉर्ड तुमच्यावर सोडला जात असेल, तर ते शिक्षण नव्हे. प्रत्येक पाळीची तारीख, तास आणि वॉर्ड आपल्या वहीत टिपून ठेवा. जे काम कधी पाहिले नाही ते एकटीने करू नका. "मला येत नाही, दाखवा," हे वाक्य मोठ्याने बोलायला शिका.

पोटभर खाऊन ड्यूटीवर जा. झोप विकून अभ्यास करू नका. एखादा विषय राहिला तर पुन्हा परीक्षा देता येते. एका मार्कलिस्टपायी स्वतःचे बरेवाईट करून घ्यावे एवढी कोणतीही परीक्षा मोठी नाही. मनात तसले विचार येऊ लागले तर त्याच दिवशी मैत्रिणीला सांगा, घरी फोन करा, डॉक्टरकडे जा. आणि आईबापांनो, तसा फोन आला तर फीचा विषय काढू नका. गाडी पकडा आणि जा.

वॉर्डात उभे राहिल्यावर

रेल्वे आणि पोस्टाच्या घरातल्या मुलींना हे काम समजावणे सोपे आहे. स्टेशन मास्तर लाइन क्लिअर देतो तेव्हा प्रायव्हेट नंबर घेतला-दिला जातो आणि रजिस्टरला नोंद होते. विम्याचे पाकीट सहीशिवाय एका हातातून दुसऱ्या हातात जात नाही. परिचारिकेचे काम असेच चालते. योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग, योग्य वेळ हे पाच मुद्दे दर वेळी तपासायचे. हजाराव्या वेळीसुद्धा. डॉक्टरने फोनवर तोंडी सांगितले, तर ऐकलेले परत म्हणून दाखवायचे, वेळेसह लिहायचे आणि नंतर त्याची सही घ्यायची. दिल्याबरोबर नोंद करायची, पाळी संपताना आठवून नव्हे. जे लिहिलेले नाही ते चौकशीत केलेले धरत नाहीत. दुसरीने भरलेले इंजेक्शन द्यायचे नाही आणि दुसरीच्या कामावर आपली सही करायची नाही. चार्ज घेताना टेबलाशी बसून नव्हे, खाटेखाटेपाशी जाऊन घ्यायचा.

चूक झाली तर त्याच क्षणी सांगा. लपविलेली चूक रुग्णाला मारते आणि नंतर तुम्हालाही बुडविते. पण हेही ध्यानात ठेवा. सर्वसाधारण वॉर्डात सहा खाटांमागे एक आणि अतिदक्षता विभागात एका खाटेमागे एक परिचारिका, असे सरकारी प्रमाण आहे. रात्री चाळीस खाटांना एकच परिचारिका ठेवून झालेल्या चुकीचा दोष तिच्या एकटीच्या माथी मारता येत नाही. म्हणून कर्मचारी कमी असतील त्या पाळीत इन्चार्जला तसे लेखी कळवा आणि प्रत जवळ ठेवा. गुड्स गाडीच्या ड्रायव्हरने कामाच्या तासांसाठी जी लढाई दिली तीच ही आहे.

शरीर सांभाळा. हिपॅटायटिस बी लसीचे तीनही डोस शिक्षण सुरू होतानाच पुरे करा. वापरलेल्या सुईला टोपण परत लावू नका. सुई टोचलीच तर बोट पिळू नका, तोंडात घालू नका. साबण-पाण्याने धुवा, लगेच कळवा, नोंद करून घ्या. एच.आय.व्ही. प्रतिबंधक औषध शक्यतो दोन तासांत, उशिरात उशिरा ७२ तासांच्या आत सुरू व्हावे लागते आणि २८ दिवस घ्यावे लागते. "नंतर बघू" म्हणणाऱ्याचे ऐकू नका. जड रुग्णाला एकटीने उचलू नका. पाठ एकदा गेली की जन्माची जाते.

आणि सुरक्षितता. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात अरुणा शानबाग या परिचारिकेवर तिथल्याच एका कर्मचाऱ्याने पाशवी हल्ला केला. १८ मे २०१५ रोजी तिचा मृत्यू झाला. मधली सुमारे ४२ वर्षे तिच्या सहकारी परिचारिकांनी, पिढ्या बदलल्या तरी, तिला सांभाळले. तिच्यावर हल्ला झाला तेव्हा परिचारिका सुरक्षिततेसाठी संपावर गेल्या होत्या. आजही अनेक रुग्णालयांत परिचारिकांना कपडे बदलायला धड खोली नाही, कड्या नीट लागत नाहीत, रात्री जिन्यात दिवा नसतो. हे मागणीपत्रात पहिल्या क्रमांकावर हवे. लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याने दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती असावी लागते. तिची नावे भिंतीवर आहेत का ते पाहा. वैद्यकीय कर्मचाऱ्यांवरील हल्ल्याबद्दल महाराष्ट्रात २०१० च्या कायद्याने तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजार रुपयांपर्यंत दंड आहे. हे संरक्षण परिचारिकांनाही आहे, केवळ डॉक्टरांना नव्हे.

घरातल्यांना दोन शब्द

बांधवांनो, रागावू नका. रात्रपाळी करून आलेल्या गँगमनसाठी सबंध घर दबक्या पावलांनी चालते. रात्रपाळी करून आलेल्या सुनेला तेच घर पोळ्या लाटायला उभी करते. तिचा पगार चालतो, तिची झोप चालत नाही. मग दुपारी दोन तास डोळा लागलेली ती बाई रात्री पुन्हा औषधाची मात्रा मोजते, आणि त्या खाटेवर उद्या तुमचाच भाऊ असू शकतो. रात्री बाहेर काम करणाऱ्या मुलीचे स्थळ नको म्हणणारे लोकही आपल्यातच आहेत, आणि आजारी पडल्यावर "सिस्टर, सिस्टर" करणारेही तेच. हे आपण आपल्या घरापासून बदलावयाचे आहे. त्यासाठी कोणत्या मंत्र्याकडे जावे लागत नाही.

पगाराचे बोला

सातव्या वेतन आयोगानुसार रेल्वेतील परिचारिकेचे मूळ वेतन सातव्या स्तरात ४४,९०० रुपयांपासून सुरू होते, महागाई भत्ता वेगळा. हे कोणी दान दिलेले नाही. संघटनांच्या पिढ्यांनी ते मिळविले. तीच पदवी, तेच काम, पण खाजगी छोट्या रुग्णालयात हातात येणारी रक्कम घरभाडे आणि बसभाड्यातच संपते.

सर्वोच्च न्यायालयाने ट्रेन्ड नर्सेस असोसिएशनच्या याचिकेवर जानेवारी २०१६ मध्ये आदेश दिल्यावर केंद्राने समिती नेमली. समितीने सांगितले: २०० हून अधिक खाटा असतील तर राज्य सरकारच्या परिचारिकेइतका पगार द्या, १०० ते २०० खाटांना तो १० टक्क्यांहून कमी नसावा, ५० ते १०० खाटांना २५ टक्क्यांहून कमी नसावा, ५० खाटांखाली किमान २० हजार रुपये द्या. शिफारस झाली, पण शिफारशीने चूल पेटत नाही. केरळात काय झाले ते पाहा. तेथील खाजगी रुग्णालयांतील परिचारिका २०११ पासून संघटित झाल्या, २०१७ साली रस्त्यावर उतरल्या, आणि एप्रिल २०१८ मध्ये त्या सरकारला किमान २० हजार रुपयांची अधिसूचना काढावी लागली. शिफारस सर्व राज्यांना एकच होती. संघटना जेथे होती तेथे तिला दात आले.

आपल्याकडेही मे २०२२ मध्ये शासकीय परिचारिकांनी बाह्य एजन्सीमार्फत भरतीला विरोध करून काम बंद केले. त्यांचा मुद्दा आपल्याला नवा नाही. ग्रामीण डाक सेवक म्हणजे काय, कंत्राटी सफाई कामगार म्हणजे काय, हे आपण रोज पाहतो.

तेव्हा पहिल्या नोकरीच्या मुलाखतीत मुलीने विचारावे: नेमणूकपत्र लेखी मिळेल का? भविष्य निर्वाह निधी कापला जाईल का? पाळी किती तासांची, जादा तासांचे काय, आठवड्याची सुट्टी कोणती? बाळंतपणाची रजा २०१७ पासून कायद्याने २६ आठवडे आहे, ती येथे देतात का? हे विचारण्यात उद्धटपणा नाही. परदेशी जायचे असेल तर कौन्सिलची नोंदणी पक्की करून मगच हालचाल करा. आखाती देशांसह १८ देशांतील परिचारिकांची भरती २०१५ पासून सरकारने ठरविलेल्या संस्थांमार्फतच होते. दलाल पासपोर्ट आणि पैसे मागू लागला तर तेथूनच परत फिरा.

आपल्या शाखांनी काय करावे

तीन कामे करता येतील. एक, जूनमध्ये प्रत्येक शाखेने एक रविवार ठेवावा आणि आपल्यातल्या परिचारिकांना बोलावून मुलामुलींना व पालकांना प्रवेशाची माहिती द्यावी. दोन, २०२० साली कोविडच्या वेळी रेल्वेच्या रुग्णालयांत कंत्राटी परिचारिका घेतल्या गेल्या. मृत्यूच्या छायेत त्यांनी काम केले आणि मुदत संपताच अनेकींना घरी पाठविले. आपल्या रुग्णालयात आज कंत्राटी कोण आहेत याची यादी करा आणि त्यांचे प्रश्न आपल्या मागणीपत्रात घ्या. तीन, शेजारच्या खाजगी रुग्णालयातील परिचारिका बसायला जागा मागू लागल्या, तर युनियन ऑफिसची किल्ली त्यांना द्या. त्यांच्या मालकाला भीती वाटते ती त्या चौघी एकत्र बसण्याची.

मुलींनो, हे सगळे वाचूनही नर्सिंगला जावेसे वाटत असेल तर जा. रात्रभर धरून ठेवलेला रुग्ण सकाळी चहा मागतो, तेव्हा जे वाटते ते मी दुसऱ्या कोणत्या कामात पाहिलेले नाही. त्यासाठीच आम्ही टिकलो. पण त्याच सकाळी हजेरीपटावर आपली वेळ लिहा, चार्ज सहीनिशी द्या, जादा तासांची नोंद करा, आणि युनियनची वर्गणी वेळेवर भरा.